शिंगांवरची वीज

(पुलगाव. तान्ह्या पोळ्याची, पोरांनी लाकडी नंदी मिरवायच्या सणाची सकाळ, १९८४. रूपराव सुताराचं अंगण. मधोमध चाकांच्या पाटावर खऱ्या गोऱ्ह्याएवढा लाकडी नंदी.)

कोकिळा : हात काढा बाबा. पहिले त्याच्यावरून हात काढा.

रूपराव : काढला. घे, दोन्ही काढले. आता सांग काय झालं ते. आल्या आल्या अशी काऊन ओरडून राह्यली? पिशवी तरी ठेव खाली.

कोकिळा : वायर कुठं आहे याची? प्लगमध्ये तं नाई ना?

रूपराव : खुंटीवर गुंडाळलेली आहे, तशीच. तू सांगून गेलती ना, वायरले हात लावू नका म्हणून. नाई लावला. पोरगी हुकूम सोडते अन् बाप ऐकते, असं उलटं घर आहे आपलं.

कोकिळा : मंग हे काय केलं?

रूपराव : बेगड लावली. तू काल वर्ध्याले गेली तवापासून बसलो होतो. शिंगाच्या बुडापासून पार खुरापर्यंत. जरा दूर जाऊन पाह्य. उन्हात कसा चमकून राह्यला! अख्ख्या पुलगावात असा नंदी कोणाचा झाला नसन.

कोकिळा : शिंगाच्या बुडाले चिनीमातीच्या वाट्या होत्या. त्या कुठं गेल्या?

रूपराव : आहेत ना तिथंच. कुठं जातेत? त्यायच्यावरूनच बेगड घेतली. पांढरे डाग दिसत होते माय, चुना सांडल्यावानी. नंदीच्या कपाळावर ते बरं दिसते का?

कोकिळा : त्या वाट्या शोभेसाठी नव्हत्या बाबा.

रूपराव : ते मले समजते. शोभेच्या असत्या तं दिसाले बऱ्या असत्या.

कोकिळा : हसू नका. खरंच हसू नका. त्या वाट्याइच्याच भरवशावर सगळं होतं. शिंगाच्या तांब्यात वीज, अंगाच्या लाकडात नाई, अन् मधात अडवाले ती वाटी. लाईनच्या खांबावर तारेखाली असते तशीच. तुम्ही तिच्यावरून विजेले रस्ता बांधून देल्ला. शिंगातून डोक्यात, डोक्यातून मानेत, मानेतून पाठीवर, अन् तिथून चारी पायात.

रूपराव : रस्ता कायचा? कागदाएवढी पातळ आहे ती. नखानं फाटते.

कोकिळा : पातळ असली म्हणून काय झालं? धातूच आहे ना.

रूपराव : अन् खाली सागवान आहे. माह्या हातचं. लाकडातून करंट जात नाई हे तं पोट्ट्याइले बी माहीत आहे. लाईनमन बी पाटावर उभा राहून काम करते.

कोकिळा : थांबा, माह्या खोलीतून एक वस्तू आणते. ...ही घ्या. पाहा.

रूपराव : फळी आहे. आडजात लाकूड, खोक्याचं. अन् हे काय? हे कशानं जळलं वं?

कोकिळा : तुम्हीच सांगा. लाकूड तुमचं.

रूपराव : आगीनं नाई जळलं. आग वरून धरते, अन् काळं करत पसरते. हे तं मुळ्या फुटल्यावानी आत आत गेलं. मोठी मूळ, तिले बारीक, त्या बारकीले अजून बारीक. वाळवीबी अशी नाई जात. लोखंडानं डागलं म्हणावं, तं असा हात कोणाचा आहे?

कोकिळा : ओली होती. तिच्यातून हीच वीज गेली.

रूपराव : लाकडातून?

कोकिळा : ओल्या लाकडातून. पहिले धूर निघाला, मंग ही रेघ माह्यासमोर चालाले लागली. मी दाराजवळून पाहून राह्यली होती. लाकूड वाळलेलं असन तवा ते आपलं, ओल धरली की आपलं नाई. अन् तुमचा सरस अजून वाळला नाई. इथपर्यंत वास येऊन राह्यला.

रूपराव : चाळीस वर्षं रंधा मारला, पण असं जळलेलं लाकूड नाई पाह्यलं बाई. किती असते याच्यात?

कोकिळा : आपल्या घरात दोनशे तीस. याच्यातून निघते ती आठ हजार. टॉकीजच्या नावाचा बोर्ड होता ना, लाल नळ्याइचा, वादळात पडला तो? त्याचा ट्रान्सफॉर्मर आहे हा, नंदीच्या पोटात. त्या नळ्या पेटवाले एवढी लागते.

रूपराव : आठ हजार! अन् टॉकीजवाल्यानं तो तुले भंगार म्हणून देऊन टाकला?

कोकिळा : त्याचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करून देल्ला म्हणून. त्याले कुठं माहीत, काय देऊन राह्यला ते.

रूपराव : मंग तू जिवंत कशी राह्यली वर्षभर?

कोकिळा : एक हात पाठीमागं ठेवून. वीज चालू असताना दोन्ही हात कधीच पुढं आणत नाई मी. एका हातातून शिरली अन् दुसऱ्यातून निघाली, तं मधात काळीज असते.

रूपराव : अन् अंगठ्याजवळचा तो डाग?

कोकिळा : स्टोचा आहे.

रूपराव : स्टोनं भाजलं तं पसरते. हा टोचल्यावानी आहे. आईले सांग स्टोचा म्हणून, मले नको सांगू.

कोकिळा : ...तो जुन्या रेडिओचा आहे. बंद करून बसली होती, तरी त्यानं पोटात धरून ठेवली होती वीज. तवापासून शिकली.

रूपराव : बरं. झालं ते झालं. आता असं कर, वाट्याइवरची बेगड आपण खरडून काढू. मी पटाशी आणतो.

कोकिळा : सगळी निघन?

रूपराव : सरस आहे माय, गोंद नाई. ज्याले धरते त्याले सोडत नाई. कण राहतीन कुठं कुठं.

कोकिळा : कणावरूनच उडी मारन ती.

रूपराव : मंग दोरी बांधू चारी बाजूनं. लोक दुरून पाहतीन.

कोकिळा : बाबा, तोरण तुटलं, पोळा फुटला की लोक नंदीचं काय करतेत?

रूपराव : हे काय विचारणं झालं? पाय धुतेत. कुंकू लावतेत. ओवाळतेत, अन् पोट्ट्याइले बोजाऱ्याचे पैसे देतेत. लहान लेकराइले पाठीवर बसवतेत.

कोकिळा : कुंकू कुठं लावतेत?

रूपराव : कपाळाले. शिंगाइच्या मधात...

कोकिळा : बोला ना. काऊन थांबले?

रूपराव : हाव. समजलं.

कोकिळा : मी पावसाचा विचार केला, फ्यूजचा केला, चाकाइले रबर लावलं. शिंगं खाली अशी जवळ आणली की ठिणगी बुडाशी पेटन अन् वर वर चढत जाईन. त्याच्यात मी सहा महिने घातले. पण लोक याच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन येतीन, हे मले आज सकाळी गाडीत सुचलं. समोर एक बाई बसली होती, मांडीवर वीतभर लाकडी नंदी घेऊन. भाच्याले नेऊन राह्यली होती. बाजूच्या बाईनं नुसता पाह्यला अन् त्याच्या पायाले हात लावून कपाळाले लावला. ओळख ना पाळख. मी मशीन बनवून राह्यली होती बाबा, अन् तुम्ही नंदी. लोकाइले तं नंदीच दिसन.

रूपराव : दिसनच. नंदीच आहे तो.

कोकिळा : म्हणून गाडीतच ठरवून आली. आज पेटवाचा नाई. इथं येऊन पाहते तं तुम्ही त्याले डोक्यापासून खुरापर्यंत चांदी मढवून ठेवली.

रूपराव : पेटवाचा नाई म्हणतं, पण रिक्षा फिरून राह्यली भोंगा लावून. मिलपासून तं मिलिट्रीच्या डेपोच्या फाटकापर्यंत. ‘शिंगातून वीज काढणारा नंदी पाहाले या’ म्हणून. महादेवराव काय म्हणतीन?

कोकिळा : म्हणू द्या.

रूपराव : म्हणू द्या काय? पोळा कमिटीचे अध्यक्ष तेच, शाळेचे बी तेच. सायन्सच्या मास्तरणीची जागा निघून राह्यली, अन् तुह्यं नाव टाकतो म्हणाले आहेत. बीएस्सी होऊन किती दिवस झाले तुले? लोकाइचे रेडिओच खोलत राह्यची का जन्मभर?

कोकिळा : मले काय वाटत नाई का बाबा? मले लय वाटते. पोळ्यात पोरीनं नंदी आणाचा नाई म्हणून दोन साल परत पाठवलं मले त्यायनं. यंदा हो म्हणाले. आज सगळं गाव पाहन, कोणं बनवलं म्हणून विचारन, अन् मी म्हणीन, मी. हे मी झोपेत बी म्हणून राह्यली होती. पण कोण्या माऊलीनं वाकून पाय धुतले अन् ती उठलीच नाई, तं तिथं बी कोणं बनवलं म्हणून विचारतीनच ना?

रूपराव : ...स्कूटरचा आवाज आला. तेच असन. तू गप्प राह्य जरा, मी बोलतो.

महादेवराव : वा रूपराव, वा! क्या बात है! हा नंदी म्हणावा की चांदीचा रथ? डेपोतले साहेब पाहून खूश होणार. काय फिनिशिंग आहे, जरा हात तर...

कोकिळा : काका, हात नका लावू.

महादेवराव : चालू आहे का?

कोकिळा : नाई.

महादेवराव : मग?

कोकिळा : चालू नसताना लावला, तं चालू असताना बी लावसान.

महादेवराव : हुशार आहे पोरगी. रूपराव, म्हणूनच मी कमिटीत भांडलो. म्हटलं, पोरगी असली म्हणून काय झालं, जमाना बदलला आहे. आता कार्यक्रम ऐका. तोरणाखाली सगळ्यांत पुढे आपला नंदी. साहेबांच्या पत्नी पाय धुतील, कुंकू लावतील. माझा नातू नंदीवर बसेल. मग मी दोन शब्द बोलतो अन् बटन दाबतो. शिंगातून वीज! फोटोवाला वर्ध्याहून बोलावला आहे.

रूपराव : महादेवराव, ते... जरा अडचण आहे जी.

महादेवराव : कसली अडचण? वायर कमी पडते? ताराचंदला सांगतो. मंडपाची लाईट तोच पाहून राह्यला.

कोकिळा : वायर पुरते. पण नंदी आज पेटणार नाई.

महादेवराव : बिघडला?

कोकिळा : नाई. एकदम चांगला आहे. म्हणूनच पेटवाचा नाई. बेगडीतून सगळ्या अंगात वीज उतरन. ज्याचा हात लागन त्याले धरन, अन् सोडणार नाई.

महादेवराव : बस, एवढंच? पोरी, माझ्या स्कूटरच्या प्लगचा झटका मी शंभरदा खाल्ला असेन. हात झटकला, शिवी दिली, पुढे गेलो. तोही हजारांतच असतो, आम्हीही थोडं शिकलो आहोत.

कोकिळा : प्लगची वीज टिचकी मारून जाते. तिच्यात दम नसते. ही नळ्याइचा बोर्ड रात्रभर पेटवाची, ही वाहतच राहते. मूठ आवळली की उघडता येत नाई. तुमचा नातू पाठीवर बसन, दोन्ही हातानं शिंगं धरन. लेकरं शिंगच धरतेत काका.

महादेवराव : मग नातू बसणार नाही. झालं? दोरी बांधू, पोलीस उभा करू.

कोकिळा : पाय धुवाले येणाऱ्या बाईले पोलीस अडवन? नंदीपासून? पुलगावात?

महादेवराव : आधी पूजा होऊ दे, मग पेटव.

कोकिळा : पूजा एकदाच होते का? तोरण तुटलं की अख्खं मैदान येते. अन् पूजा झाल्यावर तो पाण्यानं ओला असन, ते अजूनच वाईट.

महादेवराव : पाह्य, मी तुझ्याशी वाद घालायला नाही आलो. रिक्षा फिरली. साहेबांना जबान दिली. माझ्या इज्जतीचा सवाल आहे. तुला भीती वाटत असेल तर तू घरी बस, ताराचंद बटन दाबेल.

कोकिळा : ताराचंदभाऊले कायले? मीच दाबते.

महादेवराव : हां, आता कसं बोलली!

कोकिळा : पण पहिले पाय तुम्ही धुवा. अध्यक्ष आहात, तुमचाच मान. तांब्या मी भरून देते. तुम्ही वाका, एक हात खुरावर ठेवा, दुसऱ्यानं पाणी टाका, अन् म्हणा, दाब बेटा. मी दाबते.

महादेवराव : तोंड सांभाळून बोल!

कोकिळा : मी कुठं वाईट बोलली? काहीच होत नाई म्हणता ना? मंग साहेबाच्या बाईआधी तुम्ही. मैदानात कायले, इथंच करू. खुंटीवरून वायर काढते मी. काढू?

महादेवराव : रूपराव, ऐकून राह्यले ना? समजवा तिला.

रूपराव : समजवतो जी. ही फळी पाहा जरा.

महादेवराव : फळी काय पाहू?

रूपराव : ओली होती. याच विजेनं अशी केली. मी लाकडाचा माणूस आहो, मले विजेतलं समजत नाई. पण लाकडाच्या पोटात शिरून जे असं खाते, ते माणसाच्या पोटात शिरलं तं काय करन? आपलं अंग तं लाकडापरीस ओलं.

महादेवराव : मला जळक्या फळ्या दाखवता? मी तुमच्यासाठी कमिटीशी भांडलो, शाळेच्या बाकांचं काम तुम्हाला दिलं, अन् तुम्ही बापलेक मिळून ऐन सणाच्या दिवशी माझं नाक कापून राह्यले?

रूपराव : तुमचं नाक कापाचं असतं तं काई सांगितलं नसतं जी. चालू केलं असतं अन् पाह्यत बसलो असतो.

महादेवराव : आता तूही बोलायला लागला रूपराव? ठीक आहे. मग माझंही ऐकून घे. शाळेच्या जागेसाठी वर्ध्याहून, सेलूहून अर्ज आहेत. देवळीच्या एका पोरीची तर फर्स्ट क्लास आहे. मी कोकिळेचं नाव धरून बसलो होतो. का? आपल्या गावची, सुताराची पोर, नाव काढेल म्हणून. आज नाव काढायचा दिवस आहे. काढत नसेल, तर मीही कोणाला बांधील नाही.

कोकिळा : म्हणजे नंदी पेटवला तं नोकरी.

महादेवराव : मी तसं नाही म्हटलं.

कोकिळा : तसंच म्हटलं. मले ते ऐकू आलं अन् बाबाले बी आलं. काका, उद्या मी त्या शाळेत उभी राहून पोट्ट्याइले काय शिकवू? विजेजवळ पाणी नेऊ नका म्हणून? अन् एखाद्यानं विचारलं, बाई, पोळ्याच्या दिवशी तुम्हीच तं नेलं होतं, तं काय सांगू? अध्यक्ष म्हणाले होते म्हणून?

महादेवराव : फार बोलतेस.

कोकिळा : दोन साल तुम्ही बोलले अन् मी ऐकलं. पोरीची जात, नंदीची दोरी धराची नाई, घरी बस. मी घरीच बसली, अन् घरी बसून हे बनवलं. कोणाले विचारून नाई बनवलं अन् कोणाच्या सांगण्यानं पेटवणार नाई. कुठं पेटवाचं अन् कुठं नाई, ते माह्या हाती आहे. तुमच्या हाती शाळा आहे, शाळा ठेवा.

महादेवराव : ठेवतो. अन् नंदीही नेतो. दुपारी पोरं पाठवतो, ती उचलून आणतील. लोक नंदी पाहायला येऊन राह्यले, त्यांना नंदी दिसलाच पाहिजे. मशीन ताराचंद पाहून घेईल. निघतो.

रूपराव : महादेवराव.

महादेवराव : काय?

रूपराव : नंदी माहा आहे जी. माह्या हातानं तोरणाखाली आणीन. पोरं पाठवू नका, घरात माणूस आहे.

महादेवराव : वायरीसकट आण, म्हणजे झालं.

रूपराव : ...गेला. स्कूटर तरी नीट चालवजो म्हणा, रागात फाटकाले ठोकन.

कोकिळा : नोकरी गेली बाबा.

रूपराव : गेली.

कोकिळा : अन् शाळेचे बाक बी.

रूपराव : बाकाइले चार पाय असतेत, दुसरीकडे बी बनतेत. रडून राह्यली का?

कोकिळा : नाई. राग येऊन राह्यला. लय राग. मी घाबरली असं वाटन लोकाइले. ताराचंदभाऊ सांगन सगळ्याइले, पोरीचं मशीन फेल गेलं म्हणून.

रूपराव : तू ट्रान्सफॉर्मर काढून घे पोटातून. मंग ताराचंद येवो की त्याचा बाप.

कोकिळा : तो तं काढतेच. त्यानं जीव वाचन, पण बोलणं नाई वाचत. शिंगं अशी उभी, तांब्याची, अन् ठिणगी नाई. दिवसभर लोक बोट दाखवतीन. पाहा, हाच तो, पेटलाच नाई.

रूपराव : मंग आरी दे.

कोकिळा : कायले?

रूपराव : शिंगं कापतो.

कोकिळा : बाबा!

रूपराव : बाबा काय? वाटीखाली लाकडी खुंटी मारून अन् सरस भरून बसवली आहेत मी, हातानं निघणार नाईत. बुडापासून कापावीच लागतीन. शिंगं राह्यली तं लोक म्हणतीन फेल गेली. शिंगंच नाई म्हटल्यावर काय म्हणतीन? विचारतीन. विचारणाऱ्याले सांगता येते.

कोकिळा : तुमचं काम आहे ते. ती गोलाई काढाले किती दिवस बसले होते तुम्ही. अन् नंदीचं शिंग कापाचं, सणाच्या दिवशी? आई घर डोक्यावर घेईन.

रूपराव : तुह्या आईले मी पाहतो. जित्या बैलाचं शिंग कापलं तं पाप. हा मी बनवला, याचं पाप-पुण्य मी पाहून घेईन. काल बेगड लावताना तुले विचारलं असतं तं ही पाळी नसती आली. मले वाटलं, तू येशीन अन् पाहून खूश होशीन.

कोकिळा : दिसते तं लयच चांगला बाबा.

रूपराव : मंग धर इकडून. हलू देऊ नको. अन् तांब्याले आरी लागली तं सांगजो, तांबं तुह्यं आहे, मले लाकडातून जाचं आहे. ...हळू. ...हे एक निघालं. दुसरं धर.

कोकिळा : असा मुंडा नंदी घेऊन तुम्ही मैदानात जासान?

रूपराव : जाईन. दोरी धरून, मधातून. सगळ्यात पुढं, तोरणाखाली. पाय धुवा म्हणीन, कुंकू लावा म्हणीन, लेकरं बसवा म्हणीन. काईच धाक नाई आता त्याच्यापासून.

कोकिळा : हसतीन लोक.

रूपराव : हसू दे. विचारतीन, रूपराव, शिंगं कुठं गेली? मी म्हणीन, पोरीपाशी आहेत. वीज तिची, शिंगं तिची. पाहाची असन तं आमच्या घरी या.

कोकिळा : घरी?

रूपराव : मंग काय? तुले पेटवाची नाई का? तू म्हणाली ना, कुठं पेटवाची ते तुह्या हाती.

कोकिळा : पेटवता येईन... नुसती शिंगं. नवीन वाट्या आहेत माह्यापाशी. रस्त्याकडच्या खोलीत, पार पल्याडच्या भिंतीजवळ. दाराले कुलूप. लोक बाहेर रस्त्यावर, खिडकीतून पाहतीन. तिथं कोणी पाय धुवाले येत नाई. नुसत्या दोन तांब्याच्या दांड्या, त्याइच्या पाया कोण पडते?

रूपराव : कोणीच नाई. अन् पाटी लाव बाहेर. कोकिळा रूपराव म्हणून.

कोकिळा : अन् बीएस्सी.

रूपराव : ते मोठ्या अक्षरात लिह्य. महादेवरावच्या स्कूटरवरून दिसलं पाह्यजे. ...हे दुसरं बी निघालं. घे. सांभाळ. किती हलकं झालं डोकं त्याचं. गरीब वाटून राह्यला बिचारा.

कोकिळा : बाबा, लोक मैदान सोडून इथपर्यंत येतीन?

रूपराव : काई येतीन.

कोकिळा : अन् कोणीच नाई आलं तं?

रूपराव : मी आहो ना. तोरण तुटलं की सरळ घरी येतो. वर्षभर तुह्या दाराबाहेर उभा राहून मी त्या ठिणगीचा नुसता आवाज ऐकला वं. मले तरी तू अजून कुठं दाखवलं?